लुटुपुटीचा मारा

आजवर मी सगळ्यात निगुतीने हाताळलेल्या डिशवर एकही क्ष-किरण पडलेला नव्हता. ती इन्क्युबेटरमधून काढली, तिच्यातल्या पेशी रंगवल्या, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून एकेक पेशी हुडकली, प्रत्येकीचा पत्ता संगणकात नोंदवला. मग यंत्राने त्या पत्त्यांबरहुकूम एकेका पेशीला किरणाच्या वाटेत आणलं, क्षणभर थांबवलं आणि पुढची पेशी गाठली. सगळं अगदी खऱ्यासारखं. फक्त किरण अडवणारं शटर उघडलं नाही. इंग्रजीत याला 'शॅम इरॅडिएशन' म्हणतात. प्रयोगशाळेत आम्ही दोघी मराठी होतो. आमच्यापुरतं त्याचं नाव होतं लुटुपुटीचा मारा.

त्या दिवसांतल्या खऱ्या माऱ्याच्या डिशा आता मला फारशा आठवत नाहीत. या आठवतात. का, ते सांगायला जरा लांबून यावं लागेल.

काम सांगायला सोपं होतं. जिवंत पेशीच्या एका इवल्याशा भागावर, तिच्या केंद्रकावर किंवा केंद्रकाबाहेरच्या पेशीद्रव्यावर, क्ष-किरणांचा बारीक झोत नेमका टाकायचा आणि पुढे तिचं काय होतं ते पाहायचं. तळाला चिकटून पसरलेली पेशी साधारण १० ते २० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तिचं केंद्रक सात-आठ मायक्रॉनचं. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाच्या जाडीत अशी नऊ-दहा केंद्रकं ओळीने बसतील. आमचा किरणाचा ठिपका दोनेक मायक्रॉनचा होता. याहून कितीतरी बारीक ठिपके जगात होते, पण आमच्या वाट्याला आला तो हा.

आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "रात्र-रात्र जागून पेशींवर नेम धरतेस? आणि मग मरतात का गं त्या?"

"सगळ्या नाही मरत. काही तर जसं काही घडलंच नाही अशा वागतात."

"आणि शेजारच्यांना काही होत नाही ना?"

मी हसले. याच प्रश्नापायी माझ्या विषयातली माणसं पंधरा-वीस वर्षं डोकेफोड करत होती, पण ते फोनवर कुठे सांगत बसणार?

या यंत्रावर येण्याआधी मी दोन वर्षं कॉलन्या, म्हणजे एकेका पेशीपासून वाढलेले पुंजके, मोजल्या होत्या. फ्लास्कच्या तळाशी लाखांनी पेशी, समोर क्ष-किरणांची नळी, घड्याळ लावून ठरलेली मात्रा द्यायची. मग त्या पेशी सुट्या करून डिशमध्ये विरळ पेरायच्या, आठवडाभर वाढू द्यायच्या आणि जांभळ्या रंगात बुडवून ठिपके मोजायचे. ज्या ठिपक्यात ५० किंवा त्याहून जास्त पेशी, त्याची मूळ पेशी जगली असं धरायचं. थिओडोर पक आणि फिलिप मार्कस यांनी १९५६ मध्ये हेला पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोगाच्या पेशींवर) हीच रीत वापरून क्ष-किरणांखाली मानवी पेशी किती जगतात याचा आलेख काढला. इतक्या वर्षांत यंत्रं बदलली, पण ही मोजणी तशीच राहिली आहे. पेशी दिसायला जिवंत आहे की मेलेली याला या मोजणीत किंमत नाही. तिला वंश वाढवता येतो का, एवढाच प्रश्न.

मात्रा मोजतात ग्रेमध्ये. एक किलो पदार्थाने एक ज्यूल ऊर्जा शोषली की झाला एक ग्रे. ऐकायला क्षुल्लक वाटतं आणि उष्णता म्हणून ते क्षुल्लकच आहे. चार ग्रे एकदम साऱ्या शरीरावर पडले आणि उपचार मिळाले नाहीत, तर माणूस वाचण्याची शक्यता निम्म्यावर येते. तेवढ्याच ऊर्जेने पाणी तापवायला घेतलं तर तापमान अंशाच्या हजाराव्या भागाने वाढेल, कुठल्याही साध्या तापमापीला ते कळणारही नाही. घात होतो तो ही ऊर्जा बारीक बारीक गोळ्यांनी नको तिथे सांडते म्हणून. एका ग्रेमागे एका पेशीतल्या डीएनएचा एक पदर हजारभर ठिकाणी तुटतो, आणि दोन्ही पदर एकाच जागी तुटावेत असं तीस-चाळीस ठिकाणी घडतं. एकेरी तुटी पेशी सहज सांधते. दुहेरी तुटींची खरी धास्ती.

या सगळ्यात मला सतत खुपायची ती एक गोष्ट. मात्रा ही सरासरी असते. मोठ्या मात्रेला ते चालून जातं, कारण प्रत्येक पेशीला पुष्कळ काही लागलेलंच असतं. पण मात्रा जसजशी कमी होते, किंवा अल्फा कणासारखा एका फटक्यात भरपूर ऊर्जा टाकणारा कण असतो, तेव्हा सरासरी फसवायला लागते. दर केंद्रकामागे सरासरी एक कण असा मारा केला तर १०० पैकी साधारण ३७ केंद्रकांना एकही कण लागत नाही, ३७ना नेमका एक लागतो आणि उरलेल्या २६ना दोन किंवा जास्त. कागदावर सगळ्यांची मात्रा एकच. कोणत्या ३७ सुटल्या, हे विचारायची सोय नाही. जांभळे ठिपके मोजताना मला नेहमी वाटायचं, यातले किती ठिपके तगले आणि कितींना मुळात काही लागलंच नव्हतं?

हा प्रश्न पडलेली मी काही पहिली नव्हते. सर्गेई चाखोतिन नावाच्या रशियन जीवशास्त्रज्ञाने १९१२ मध्येच सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांतून अतिनील किरणांचा बारीक झोत काढला आणि एकेका पेशीच्या छोट्या भागाला 'टोचलं'. त्याने त्याला किरणांची टोचणी अशाच अर्थाचं जर्मन नाव दिलं होतं. हा माणूस एका लेखात मावणारा नाही. १९०८ च्या मेसिनाच्या भूकंपातून तो वाचला, पुढे पाव्हलॉवबरोबर काम केलं, मग जर्मनीत नाझींविरुद्ध लढणाऱ्यांसाठी तीन बाणांचं चिन्ह तयार केलं आणि प्रचाराने माणसांचे जमावच्या जमाव कसे हलवता येतात यावर लिहिलं. तीन बाण! नेम धरायची सवय सुटत नसावी.

चाखोतिनचे किरण अतिनील होते. आयन करणाऱ्या, म्हणजे अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवणाऱ्या, किरणोत्साराचा नेम धरायला शिकागोत रेमंड झर्कल आणि विल्यम ब्लूम बसले. १९५३ मध्ये त्यांनी न्यूट नावाच्या उभयचराच्या विभाजन पावत असलेल्या पेशींवर प्रोटॉनचा काही मायक्रॉनचा झोत सोडला. गुणसूत्राच्या लहानशा तुकड्यावर मोजके प्रोटॉन पडले तरी पुढचं विभाजन बिघडायचं. तोच झोत गुणसूत्रांपासून दूर, पेशीद्रव्यावर टाकला तर हजारो प्रोटॉन ती पेशी मुकाट्याने पचवायची. १९७० मध्ये टी. आर. मन्रो यांनी सुईच्या टोकावर अल्फा कण सोडणारं पोलोनियम बसवून ती सुई हॅम्स्टरच्या पेशींजवळ नेली. अल्फा कण हवेतही थोडंच अंतर जातो, पेशीत तर काही दशक मायक्रॉनच. म्हणजे सुई कुठे धरली यावरूनच ठरायचं, कण कुठवर पोहोचणार. निकाल तोच. पेशीद्रव्याला अफाट मात्रा दिली तरी पेशी वाढत राहते, केंद्रकाला मात्र थोडीशी पुरते.

यावरून एक चित्र पक्कं बसलं. केंद्रक हे लक्ष्य, डीएनए हा त्यातला मर्मबिंदू, बाकी सगळं पाणी आणि भरणा. किरणाने लक्ष्य गाठलं तर नुकसान, चुकलं तर नाही. हिशेब स्वच्छ होता. मला तर तो फारच आवडायचा, कारण परीक्षेत लिहायला सोपा होता.

क्ष-किरणांचा नेम धरायला मात्र फार उशीर झाला, आणि त्याचं कारण त्यांच्या स्वभावातच आहे. १८९५ मध्ये क्ष-किरण सापडल्यानंतर काही आठवड्यांतच रॉन्टगेनने त्यांच्या वाटेत लोलक धरून पाहिले, भिंगं धरून पाहिली. किरण वळेनात. आपल्याला आज कारण माहीत आहे: क्ष-किरणांसाठी काचेचा अपवर्तनांक जवळजवळ एकच असतो, एकाहून किंचित कमी. म्हणजे काच त्यांना जवळपास दिसतच नाही. जे वळत नाही ते भिंगाने एका बिंदूत गोळा कसं करणार?

दोन मार्ग निघाले. एक आरशांचा. क्ष-किरण आरशावर अगदी निसटता, जेमतेम स्पर्श करत आला तर तो परावर्तित होतो. पॉल कर्कपॅट्रिक आणि ॲल्बर्ट बाएझ यांनी १९४८ मध्ये असे दोन वक्र आरसे एकमेकांना काटकोनात ठेवून किरण एकवटवून दाखवले. (हे बाएझ म्हणजे गायिका जोन बाएझ यांचे वडील. रात्री तीन वाजता यंत्र सुरू व्हायची वाट पाहताना असली माहिती फार उपयोगी पडते.) दुसरा मार्ग चकत्यांचा: एकात एक वर्तुळाकार कडी, एक पारदर्शक, एक अपारदर्शक, बाहेर जावं तशी अरुंद होत जाणारी. किरण कडांशी वाकतात आणि त्यातले काही एका बिंदूत मिळतात. त्या बिंदूचा आकार सगळ्यात बाहेरच्या कड्याच्या रुंदीएवढा, म्हणून ती रुंदी मायक्रॉनच्या दहाव्या भागापर्यंत आणण्याची सगळी धडपड.

या 'झोन प्लेट'चा हिशेब मी पहिल्यांदा वाचला तेव्हा खट्टू झाले होते. येणाऱ्या किरणांतले निम्मे अपारदर्शक कड्यांत अडतात. पाव हिस्सा काहीही न वळता सरळ निघून जातो. हव्या त्या बिंदूत जेमतेम दहा टक्के पोहोचतात, उरलेले भलतीकडे. म्हणजे एक कण नेमका टाकायचा तर नऊ आवरायचे. मध्यभागी एक टिकली लावून सरळ येणारे अडवायचे, पुढे एका छिद्रातून गाळून भरकटलेले काढायचे. नेम धरण्याचं काम म्हणजे मुख्यतः अडवण्याचं काम, हे मला तिथे कळलं.

लंडनजवळ नॉर्थवुडला ग्रे प्रयोगशाळेत (ज्यांच्या नावाने मात्रेचं एकक आहे त्या हॅल ग्रे यांनी काढलेली ही प्रयोगशाळा) याच चकतीने २५० नॅनोमीटर त्रिज्येचा ठिपका मिळवला होता. क्ष-किरण मिळवायला तिथे इलेक्ट्रॉनांचा झोत ग्रॅफाइटवर आपटवत. कार्बनमधून २७८ इलेक्ट्रॉनव्होल्टचे (हे ऊर्जेचं फार छोटं माप) मऊ क्ष-किरण निघतात. मऊ म्हणजे किती, तर दवाखान्यातल्या छातीच्या फोटोचे क्ष-किरण याच्या शंभरपटीहून जास्त ऊर्जेचे असतात. मऊपणाचा फायदा असा की पेशीत शोषले गेल्यावर ते जो इलेक्ट्रॉन उडवतात तो सात नॅनोमीटरही जात नाही. डाग जिथे पडला तिथेच राहतो, फाकत नाही. तोटा असा की दोन-तीन मायक्रॉन आत जाईपर्यंतच निम्म्याहून जास्त किरण संपतात. म्हणून पेशी मायलर नावाच्या प्लास्टिकच्या अतिपातळ पडद्यावर वाढवायच्या आणि मारा खालून करायचा. कडक क्ष-किरण घेतले तर ते पेशीत आरपार सारखे पोहोचतात, पण त्यांचे इलेक्ट्रॉन लांब धावतात. दोन्ही हातांत लाडू मिळत नाहीत.

एकदा वहीच्या मागच्या पानावर मी हिशेब केला. आठ मायक्रॉन व्यासाचं केंद्रक, पाण्याच्या घनतेचं धरलं तर वजन २६८ पिकोग्रॅम. त्याला एक ग्रे द्यायचा म्हणजे सुमारे १७ लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट. कार्बनचे मऊ क्ष-किरण वापरले तर साधारण सहा हजार फोटॉन त्या केंद्रकात संपले पाहिजेत. एक अल्फा कण एका धडकेत याच्या दशांशाहून जास्त सहज देऊन जातो. क्ष-किरणांचं काम हातोड्याचं नाही, भुरभुरण्याचं आहे. मात्रा हवी तेवढी बारीक करता येते, हाच त्यांचा गुण.

आता रात्रपाळीकडे येते. बीमटाइम म्हणजे यंत्रावर आपल्याला मिळालेले तास. ते नेहमी रात्रीचे मिळतात, निदान विद्यार्थ्यांना. पेशी पारदर्शक असतात, पाण्यातल्या पाण्यासारख्या. त्या दिसाव्यात म्हणून हेक्स्ट नावाचा रंग द्यायचा. तो डीएनएला चिकटतो आणि अतिनील प्रकाश टाकला की निळा चमकतो. काळोखात निळे निळे दिवे लागल्यासारखी केंद्रकं दिसतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मोजायचं विसरले होते.

अर्जुनाची आणि पोपटाच्या डोळ्याची गोष्ट इथे कुणालाही आठवेल. आमचे सर ती दर नव्या विद्यार्थ्याला सांगायचे, पण उलटी. "झाड दिसलं पाहिजे, फांदी दिसली पाहिजे, पानं मोजलेली पाहिजेत. डोळा काय, तो यंत्र फोडतंच." त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. यंत्राचा नेम क्वचितच चुकायचा. आम्हाला नोंद ठेवायची होती ती ज्यांना लागलं नाही त्यांची. कारण या सगळ्या खटाटोपातून मिळणारी खरी दुर्मीळ वस्तू म्हणजे 'या पेशीला काहीही लागलेलं नाही' असं छातीठोकपणे म्हणता येणं. फ्लास्कच्या दिवसांत मला ते एकदाही म्हणता आलं नव्हतं.

आणि न लागलेल्यांमध्ये एवढं काय पाहायचं, तर आईचाच प्रश्न.

१९९२ मध्ये हात्सुमी नागासावा आणि जॉन लिटल यांनी पेशींवर अल्फा कणांचा इतका विरळ मारा केला की शंभरात एका केंद्रकालाही कण लागला नसता. पण गुणसूत्रांमधली अदलाबदल वाढलेली दिसली ती ३० टक्के पेशींत. जिथे बाण लागलाच नाही तिथे जखम. कार्मेल मदरसिल आणि कॉलिन सीमूर यांनी मारा झालेल्या पेशी ज्या द्रवात वाढल्या तो नुसता द्रव गाळून निरोगी पेशींना दिला, त्याने त्यांतल्याही काही मेल्या. १९९९ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या सूक्ष्मझोतावर लि-जुन वू, टॉम हाय आणि सहकाऱ्यांनी फक्त पेशीद्रव्यावर अल्फा कण टाकले, केंद्रकाला धक्का न लावता, तरी केंद्रकातल्या जनुकांत उत्परिवर्तनं झाली. मन्रोंच्या निकालाला यात बाधा येत नाही. पेशी मरत नव्हत्याच. पण त्या जगत होत्या त्या बदललेल्या होत्या, आणि ठिपके मोजणाऱ्याला हे कधी कळलं नसतं.

माझ्या मनात घर करून राहिलेला प्रयोग ग्रे प्रयोगशाळेतला, २००३ चा, ज्युसेप्पे स्केत्तिनो आणि सहकाऱ्यांचा. कार्बनचे मऊ क्ष-किरण, हॅम्स्टरच्या पेशी. आधी डिशमधल्या सगळ्या पेशींवर मारा करून पाहिला. मग एकीवरच. सबंध डिशमध्ये फक्त एका पेशीला क्ष-किरण, आणि न लागलेल्यांपैकी दहा टक्के पेशी गेल्या. मात्रा वाढवली तरी ०.२ ग्रेच्या पुढे हा आकडा वाढेना. त्याहून कमी मात्रेत तर एकीवर मारा करा नाहीतर सगळ्यांवर, फरकच दिसेना. आणि बिघडलेल्या पेशी त्या एकीच्या आसपास नव्हत्या. तपासलेल्या साऱ्या भागात, पंचवीसेक चौरस मिलिमीटरमध्ये, विखुरलेल्या होत्या. पेशीच्या मापाने ते एक शहर आहे.

सुक्याबरोबर ओलंही जळतं, हे आपल्याला ठाऊक आहे. पण इथे एक काडी पेटली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाचं ओलं जळालं.

इंग्रजीत याला बायस्टँडर इफेक्ट म्हणतात. आम्ही 'बघ्या पेशी' म्हणायचो आणि माझी मैत्रीण त्यावर दरवेळी हरकत घ्यायची. बघे नुसते बघतात. या पेशी ऐकतात, सांगतात, काही वेळा त्याने मरतात. शेजारच्या पेशीशी थेट जोडलेल्या सूक्ष्म नळ्यांतून, द्रवात सोडलेल्या रेणूंतून, ऑक्सिजनच्या आक्रमक रूपांतून, नायट्रिक ऑक्साइडमधून निरोप जातात. एका पेशीने काय सांगितलं आणि दुसरीने काय ऐकलं याचा नेमका शब्दकोश अजून पुरा झालेला नाही. 'शेजारी पेशी' म्हणावं, असं तिचं मत. ते मला पटलंय, पण तोंडात बघ्याच बसलंय.

यातून लगेच घाबरून जायचं कारण नाही, हे मी आवर्जून सांगते, कारण हा विषय काढला की ऐकणाऱ्याचा चेहरा उतरतो. डिशमधल्या पेशी म्हणजे शरीर नव्हे. आणि न लागलेल्या पेशी नेहमी बळीच जातात असंही नाही. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत पूर्वी उंदरांच्या मेंदूवर ड्यूटेरॉनचे (जड हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचे) झोत टाकून पाहिले होते. मिलिमीटरभर रुंद झोताने जी मात्रा ऊतक पार नष्ट करायची, तिच्या कितीतरी पट, हजारो ग्रे, २५ मायक्रॉनच्या झोताने दिली तरी ऊतकाचा आराखडा टिकायचा. बारीक रेघेच्या दोन्ही बाजूंना न लागलेल्या पेशी असतात, त्या मधली जागा सांभाळून घेतात. कर्करोगावर क्ष-किरणांच्या अशा केसाएवढ्या पट्ट्या टाकण्याच्या पद्धतीवर फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर (प्रखर क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावर) वर्षानुवर्षं काम चालू आहे ते याच जोरावर. म्हणजे शेजारी निरोप ऐकून मरतोही आणि धावूनही येतो. कमी मात्रेचा धोका सरळ रेषेने, म्हणजे मात्रेच्या प्रमाणात, मोजावा की नाही, या जुन्या वादात दोन्ही बाजू याच प्रयोगांकडे बोट दाखवतात. मला यातली कुठलीच बाजू घेण्याची घाई नाही.

घाई होती ती तेव्हा. आमच्या डिशांतही शेजारचा परिणाम दिसला होता. मोजक्या पेशींच्या केंद्रकावर मारा, बाकीच्यांना काही नाही, आणि त्या बाकीच्यांतल्या कॉलन्या इन्क्युबेटरमध्ये ठेवलेल्या डिशपेक्षा कमी. फार नाही, पण दरवेळी कमी. मी शोधनिबंधाच्या मसुद्यात एक परिच्छेद लिहून टाकला. आईला फोन करून सांगितलं, "तू विचारलं होतंस ना, शेजारच्यांना काही होतं का. होतं." ती म्हणाली, "मग? मला वाटलंच." जणू तिने आकडे पाहिले होते.

लुटुपुटीच्या डिशा आम्ही करत होतो, पण थोड्या. बीमटाइम मोजका, तो शटर बंद ठेवण्यात कोण घालवणार? मोजक्या डिशांत आकडे वरखाली होणारच. त्यात आमच्या इन्क्युबेटरमधल्या डिशांना कुणी हातही लावलेला नसायचा. आम्ही तुलना त्यांच्याशी करत होतो. ही चूक सरळ दिसणारी आहे, आता.

पुढच्या फेरीत तीन रात्री मिळाल्या. तिन्ही रात्री आम्ही मान मोडून काम केलं. आठवड्याने ठिपके मोजले तर ज्यांच्यावर मारा केला त्या पेशीही शेजाऱ्यांएवढ्याच जगलेल्या. मैत्रीण म्हणाली, "या पेशी अमर आहेत." काही पेशी आम्ही मारा झाल्यावर लगेच गोठवून रंगवायला ठेवल्या होत्या. दुहेरी तूट झाली की काही मिनिटांत आजूबाजूच्या एका प्रथिनावर खूण उमटते, त्याचं नाव गॅमा-एच-टू-एएक्स. ती खूण ओळखणारा रंग दिला की तुटलेल्या जागी हिरवे ठिपके दिसतात. जिथे नेम धरला तिथे घट्ट हिरवा ठिपका हवा. नव्हता. इकडेतिकडे एखाद-दुसरा होता, तो वाढत्या पेशींत एरवीही असतो. तंत्रज्ञाने यंत्र उघडून पाहिलं तेव्हा कळलं. शटर अडकलं होतं. उघड असा हुकूम जात होता, नोंदवहीत 'उघडलं' असं पडत होतं, आणि पातं जागचं हललेलं नव्हतं. तीन रात्री.

मी रडकुंडीला आले होते. सर बराच वेळ तक्ते बघत बसले. मग म्हणाले, "हे फेकू नका हं. इतक्या लुटुपुटीच्या डिशा आपण जन्मात मुद्दाम केल्या नसत्या." आमचा शब्द त्यांच्या तोंडी ऐकून आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

मग आम्ही शून्य मोजलं. किरण पडलेला नाही, पण बाकी सगळं झालेलं आहे, अशा डिशा, एकामागून एक. त्या इन्क्युबेटरमधल्या डिशांच्या मागे पडत होत्या. फार नाही, पण दरवेळी. कारणं तर आमच्या डोळ्यांदेखतच होती. हेक्स्ट डीएनएला चिकटून बसतो, त्यावर अतिनील प्रकाश म्हणजे वेगळीच टोचणी. डिश बाहेर राहते तेवढा वेळ ती ३७ अंशांवरून उतरते. द्रवातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, आणि केशरी-लाल द्रव जांभळट गुलाबी होत जातो. तो रंग आम्ही रोज पाहत होतो, सुंदर दिसतो असंही म्हणत होतो. पेशी हुडकायला आम्ही जितका जास्त वेळ लावला होता, तितक्या कॉलन्या कमी. चाखोतिनने जो प्रकाश टोचायला वापरला, त्याच जातीचा प्रकाश आम्ही नुसतं बघायला वापरत होतो.

नीट काम करणाऱ्या प्रयोगशाळा हे सगळं पहिल्यापासून सांभाळतात: रंग कमीत कमी, प्रकाश क्षणभर, आणि तुलना नेहमी लुटुपुटीच्या डिशशी. स्केत्तिनोंचे दहा टक्के आमच्या अडकलेल्या शटरने हलत नाहीत. आमचे हलले. त्या तीन रात्रींचं शून्य शेजारी ठेवून आधीचे आकडे पुन्हा मांडले, तेव्हा आमच्या बघ्या पेशींना झालेलं नुकसान त्या शून्याच्या वरखाली होण्यात मावून गेलं. काही नव्हतंच असं म्हणता येईना, आहे असंही म्हणता येईना. सरांनी मसुद्यातल्या माझ्या परिच्छेदावर एक आडवी रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'शून्य वाढवा.'

त्यानंतरच्या फेरीत आम्ही निम्म्या रात्री शटर बंद ठेवून घालवल्या. स्वतःहून. हेक्स्टची मात्रा उतरवली, पेशी हुडकायला घड्याळ लावलं, डिशवर झाकण आलं. मी त्या डिशा अशा उचलायचे की मैत्रीण चिडवायची, "अगं, खऱ्या माऱ्याच्या डिशला इतकं जपत नाहीस."

आईचा फोन आला तेव्हा मी अशाच एका डिशचे ठिपके मोजत होते. इकडचं तिकडचं झाल्यावर तिने विचारलं, "आणि त्या शेजारच्या? कशा आहेत?"

"बऱ्या दिसतायत," मी म्हटलं. "थांब, एकशे बेचाळीसपर्यंत आलेय, मोजून सांगते."